फ्लाटकाका घडी घालताना मोडते: पीठ, पाणी, भाजणी आणि ताटातली जागा

पिठाची_गोणी

आइसलँडच्या फ्लाटकाकाबद्दल दोन प्रश्न आहेत. राय या धान्याच्या पिठाची ती पातळ, गोल, काळे डाग पडलेली रोटी. जाणकारांनी नेमकं सांगावं ही विनंती.

पहिला प्रश्न करण्याचा. माप असं: रायचं पीठ 300 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, चमचाभर मीठ, कोमट पाणी. लाटताना कडेला चिरा पडतात. तव्यावरून काढल्यावर पाच मिनिटं बरी असते, थंड झाली की ताठ होते आणि घडी घातली की मधोमध मोडते. पाणी वाढवलं तर पोळपाट सोडत नाही. पिठी लावून लाटली तर घरभर धूर आणि कडवट चव. बेकिंग पावडरबद्दल कुणी म्हणतं घालाच, कुणी म्हणतं हात लावू नका. ओव्हन नाही, बिडाचा तवा आहे.

दुसरा प्रश्न खाण्याचा. रेक्याविकच्या दुकानांत ब्रेडच्या फळीवर हिची पाकिटं बारा महिने असतात, आणि नाताळच्या नि समारंभांच्या टेबलावरही हीच दिसते. मग ही रोजची की सणाची? जेवणाबरोबर खातात की फक्त कॉफीबरोबर? हाउंगिक्यॉत, म्हणजे धुरावलेलं मेंढीचं मांस, सोडून आणखी काय लावतात?

उकडवाला

मूळ दुखणं कोमट पाण्यात आहे. चिरा, चिकटणं, ताठ होणं ही सगळी त्याचीच पिलावळ.

गव्हाच्या पिठात ग्लुटेनची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या प्रथिनांची, जाळी तयार होते, म्हणून कणीक कोमट पाण्यातही ताणली जाते. रायमधली प्रथिनं तशी जाळी विणत नाहीत. तिथे पाणी धरून ठेवतात ते पेन्टोसान, म्हणजे धान्यातले चिकट तंतुमय पदार्थ, आणि त्यांच्याने पीठ चिकट होतं, लवचिक होत नाही. मग लाटण्याजोगा बांधा आणायचा कुठून? स्टार्चमधून, म्हणजे पिठातल्या पिष्टातून. ज्वारीच्या भाकरीला उकड काढतात तेच गणित इथे आहे. रायचा स्टार्च साधारण 55 ते 70 अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, त्याची खळ होते आणि ती खळ पिठाला बांधून ठेवते.

आता आकड्यांत बघा. 370 ग्रॅम पीठ 20 अंशांवर आहे आणि त्यात 260 मिली खळखळतं पाणी ओतलं, तर मिश्रण 65 ते 70 अंशांवर स्थिरावतं. पाणी 50 अंशांचं असेल तर मिश्रण चाळीसपर्यंतही पोचत नाही, म्हणजे उकड झालीच नाही. किटली बंद करून दोन मिनिटं गप्पा मारत बसलात तरी फरक पडतो. थंड स्टीलचं भांडंही चार-पाच अंश खाऊन टाकतं, म्हणून परात आधी गरम पाण्याने विसळून, पुसून घ्या.

आठ नगांचं माप: रायचं कोंड्यासकट पीठ 250 ग्रॅम, गव्हाचं पीठ 120 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, हवी असेल तर चमचाभर साखर, उकळतं पाणी 260 मिली. गव्हाचं पीठ कोंड्यासकट घेतलं तर चव चांगली, मैदा घेतला तर लाटायला सोपं, निम्मं-निम्मं घेतलं तर दोन्ही साधतं. जुन्या घरांतल्या पद्धतीत पाण्याऐवजी उकळतं दूधही घालतात. त्याने रोटी मऊ होते, पण दुधातल्या साखरेमुळे डाग लवकर काळे पडतात, तेव्हा आच थोडी कमी ठेवावी लागते.

कोरडं सगळं एकत्र करून पाणी एकदम ओता, थेंब-थेंब नको. लाकडी कालथ्याने अर्धा मिनिट जोरात ढवळा, कुठे कोरडं पीठ दिसता कामा नये. झाकून पाच मिनिटं वाफ धरू द्या. हात लावण्याइतपत निवलं की दोन मिनिटं मळा, त्याहून जास्त मळून काही मिळत नाही कारण ताणायला ग्लुटेन फारसं नाहीच. बोट दाबलं तर खळगा राहावा आणि बोट कोरडं बाहेर यावं. चिकटत असेल तर पिठाऐवजी आणखी तीन मिनिटं झाकण द्या, स्टार्च उरलेलं पाणी ओढून घेतो. अधीर होऊन पीठ घालणारे इथेच फसतात.

सुमारे 78 ग्रॅमचे आठ गोळे करा आणि गरम परातीतच ओल्या फडक्याखाली ठेवा. एकेक काढून अडीच मिलिमीटर जाडीचा लाटा, साधारण 18 सेंटिमीटर व्यास येतो. कडा वेड्यावाकड्या आल्या तर काळजी नको: पातेल्याचं झाकण उपडं ठेवून त्याच्या कडेने सुरी फिरवायची, तिकडेही गोल असाच कापतात. कातरण पुढच्या गोळ्यात मिसळा, पण सगळं कातरण शेवटच्या एकट्या गोळ्यात टाकू नका. त्यात पिठी साचलेली असते आणि तो नग हमखास चिरतो.

लाटून झाल्यावर काट्याने सगळीकडे टोचे मारा, पंचवीस-तीस तरी. ही सजावट नाही. टोचे नसले तर वाफ आत अडकते, रोटी फुगते, फुगलेला भाग तव्यापासून उचलला जातो आणि कच्चा राहतो, तर फुग्याचा माथा उलटल्यावर जळून कोळसा होतो. आपल्याला इथे फुलका नको आहे.

पिठी लाटताना लावायचीच, पण भाजण्याआधी दोन्ही बाजूंनी ब्रशने झटकून टाका. तुमचा धूर आणि कडवटपणा त्या सुट्या पिठाचा आहे, रोटीचा नाही. दर दोन नगांनंतर तवाही कोरड्या फडक्याने पुसायचा.

तवा कोरडा, तेल-तुपाचा थेंब नाही, आच मोठी. चिमूटभर पीठ टाकून बघा: दहा-बारा सेकंदांत तपकिरी झालं तर तवा तयार, टाकताक्षणी काळं झालं तर जास्त तापलाय. एका बाजूला 60 ते 90 सेकंद, मग उलटून तितकंच. एकदाच उलटायचं. मंद आचेवर तीन-तीन मिनिटं भाजली की रंग येईपर्यंत आतलं पाणी उडून जातं, आणि थंड झाल्यावर ताठ होण्याचं दुसरं कारण हेच. डाग काळे हवेत, पण सुटे सुटे. मधली जागा राखाडी-तपकिरी राहिली पाहिजे.

आणि बहुतेक जण गाळतात ती शेवटची पायरी. ताटलीत गरम पाणी घ्या, तव्यावरून उतरलेली रोटी त्यात एक सेकंद बुडवून लगेच काढा आणि आधीच्या रोटीवर ठेवा. चळतीवर ओलं पिळलेलं फडकं, वर एक ताटली. वीस मिनिटांत वाफ सगळीकडे सारखी पसरते आणि कडा मऊ होतात. एका सेकंदाचे तीन सेकंद केलेत तर वरचा थर बुळबुळीत होतो आणि रोट्या एकमेकींना चिकटतात.

बेकिंग पावडर: घातलीत तर या मापाला अर्धा चमचा, त्यापुढे नाही. उकळतं पाणी पडताच बराचसा वायू तिथेच निघून जातो, उरलेल्याने जरा हलकेपणा येतो इतकंच. एक चमच्याच्या वर गेलात तर रोटी भुसभुशीत होते आणि घडीवर मोडते. माझं मत विचाराल तर काढून टाका.

लोणी_पुढे_करा

कृतीचं वर आलंय, मी ताटाकडे वळतो.

रोजची की सणाची, याचं उत्तर दोन्ही. फरक रोटीत नसतो, तिच्यावर काय ठेवलंय आणि ती कशी कापलीय त्यात असतो.

रोजच्या वापरात ती बहुतेक थंडच खातात. पाकिटात ती अर्धगोल कापलेली येते, आणि हे अर्धगोल फार सोयीचे: एकावर लोणी, त्यावर काप, वर दुसरा अर्धगोल, झाला डबा. शाळेच्या डब्यात, डोंगरात भटकायला जाताना, लांबच्या प्रवासात हीच जोडी नेतात. ब्रेडच्या कापांसारखी ती पिशवीत चेंगरत नाही आणि कुस्करतही नाही. पेट्रोल पंपांवरच्या दुकानांत हाउंगिक्यॉत घातलेली तयार जोडी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते. संध्याकाळी सूप असेल तर नुसती लोणी लावून बाजूला.

जेवणाच्या मुख्य ताटात मात्र तिला फारशी जागा नाही. उकडलेला मासा, बटाटा आणि पांढऱ्या सॉसचं जे कालवण तिकडे करतात, प्लॉक्फिस्कुर, त्याच्याबरोबर येतो तो रूगब्रॉइथ, म्हणजे रायचाच पण जाड, गडद, गोडसर पाव. या दोघांत बरेच लोक घोळ करतात. रूगब्रॉइथ झाकलेल्या डब्यात मंद आचेवर तासन् तास शिजतो. लॉइगारवात्न आणि मीवात्न इथे तर डबा गरम जमिनीत पुरून साधारण 24 तास ठेवतात, आणि त्या लांबलचक शिजण्यामुळेच तो गोड लागतो. फ्लाटकाका तीन मिनिटांत होते, गोड नसते, धुरकट असते. म्हणून रूगब्रॉइथवर व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा शोभतो आणि फ्लाटकाकावर धुरावलेलं मांस.

काय लावतात? सगळ्यात आधी लोणी, आणि जाड. खारवलेलं, खोलीच्या तापमानाला आणलेलं, अगदी कडेपर्यंत. ते फक्त चवीसाठी नसतं: लोण्याचा थर मांसातलं पाणी रोटीत मुरू देत नाही आणि रोटीतला ओलावाही कोंडून ठेवतो. फ्रीजमधलं कडक लोणी घासलंत तर चांगली जमलेली रोटीही फाटेल.

त्यावर:

हाउंगिक्यॉत, थंड आणि शक्य तितकं पातळ कापलेलं. हे बर्चच्या लाकडावर किंवा वाळवलेल्या मेंढीच्या शेणाच्या धुरावर धुरावतात. शेणाच्या धुराची चव जास्त उग्र, आणि अनेकांना तीच खरी वाटते.

रूलुपिल्सा, म्हणजे मेंढीच्या पोटाकडचं मांस मसाला लावून, गुंडाळून, खारवून, शिजवून दाबलेलं. गोल चकत्या निघतात.

कायवा, म्हणजे शिजवलेल्या मेंढीच्या मांसाचं चरबीसकट केलेलं वाटण. ही लावली तर लोणी कमी.

धुरावलेला ट्राउट किंवा सॅमन मासा. मग सोबत मोहरीचं गोडसर सॉस चालतं.

चीज आणि मिसिंगुर. चीज म्हणजे खवणीसारख्या पात्याने पातळ काढलेले काप. मिसिंगुर म्हणजे चीज करताना उरलेलं पाणी आटवून केलेलं तपकिरी, गोड-खारट लेपन. मुलांना हे आवडतं, मोठ्यांतले निम्मे नाक मुरडतात.

उकडलेल्या अंड्याच्या चकत्याही ठेवतात, पण त्या घसरतात. डब्यात देऊ नका.

सणावाराला हीच रोटी कॉफीच्या टेबलावर येते. साधारण 13-14 वर्षांच्या मुलांचा वसंतात होणारा फेर्मिंगचा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा पक्की करण्याचा, समारंभ, वाढदिवस, अंत्यविधीनंतरची कॉफी, या सगळ्यांत गोड पदार्थांची रांग असते: क्लेइनुर, पातळ पॅनकेक, क्रीमचे केक. त्या गोडाच्या गर्दीत फ्लाटकाका आणि मेयोनीजचा थरावर थर दिलेला सँडविच-केक हे खारट बाजू सांभाळतात. पाहुणे आधी तिकडेच वळतात, हे यजमानांनी लक्षात ठेवावं. इथे अर्धगोलांऐवजी त्रिकोण कापतात, एका नगाचे सहा किंवा आठ.

नाताळच्या मुख्य ताटात हाउंगिक्यॉत गरम असतं, बटाटे, पांढरं सॉस आणि मटार यांच्याबरोबर, आणि सोबत लॉइवाब्रॉइथ. ती मैद्याची, नक्षी कातरून तळलेली पातळ पापडी. फ्लाटकाकाची पाळी येते दुसऱ्या दिवशी, उरलेलं मांस थंड झाल्यावर. जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होणाऱ्या थोर्री महिन्यातल्या मेजवान्यांत, थोर्राब्लोतमध्ये, ती पुन्हा दिसते. तिथे दह्यातून सुटलेल्या आंबट पाण्यात मुरवलेलं मांस, मुरवलेला शार्क, वाळवलेला मासा असा जुन्या पदार्थांचा थाट असतो. नवख्या पाहुण्यांचं पोट तिथे प्रामुख्याने फ्लाटकाका आणि लोण्यावरच भरतं.

राख_आणि_निखारा

वरच्या दोन्ही उत्तरांना एक जोड, आणि उकडवाल्यांशी एका मुद्द्यावर मतभेद.

ही रोटी अशी पातळ आणि बिनआंबवणीची का, याचं कारण चवीत नाही, सरपणात आहे. वसाहतीच्या काळात, परंपरेने 874 पासून, बेटावर बर्चची झाडी होती. ती तोडली गेली, मेंढ्यांनी कोवळे अंकुर खाल्ले, आणि पुढची कित्येक शतकं घरातली आग पीट (दलदलीतून खणून वाळवलेली कुजक्या वनस्पतींची माती) आणि वाळवलेल्या शेणावर चालली. एवढ्याशा जळणात पाव भाजायची भट्टी तापवणार कोण? मग दोनच रस्ते उरतात. एक, पातळ रोटी थेट निखाऱ्यावर, तापलेल्या दगडावर किंवा लोखंडी पत्र्यावर झटपट भाजायची. दुसरा, भांड्यात पीठ घालून, राखेत पुरून, रात्रभर विझत्या आगीवर सोडून द्यायचं. पहिल्यातून फ्लाटकाका आली, दुसऱ्यातून रूगब्रॉइथ. वर ज्या दोन रायच्या पावांचा घोळ होतो म्हटलंय, ते एकाच अडचणीचे दोन निकाल आहेत.

धान्याचं दुर्भिक्ष हे दुसरं कारण. सुरुवातीला बार्ली पिकत असे, पण हवामान थंड होत गेलं आणि सोळाव्या शतकापर्यंत ती शेती संपली. त्यानंतर धान्य जहाजाने यायचं, आणि 1602 ते 1787 या काळात व्यापार डेन्मार्कच्या मक्तेदारीत होता. राय टेबलावर पक्की झाली ती या आयातीमुळे. गरीब घरात पाव हा रोजचा पदार्थ नव्हताच. लोणी लावलेला वाळवलेला मासा त्याची जागा भरून काढायचा. पीठ पुरवायला त्यात फ्यात्लाग्रॉस नावाचं डोंगरातलं दगडफूल मिसळत. दक्षिणेकडच्या स्काफ्टाफेल भागात वाळूत उगवणाऱ्या रानगवताचे दाणेही दळले जात. आज बार्ली पुन्हा पिकते आणि काही जण रायच्या चौथ्या हिश्शाएवढं बार्लीचं पीठ घालतात. चव छान येते, पण बार्लीने रोटी लवकर तडकते, तेव्हा तेवढंच गव्हाचं पीठ वाढवा.

मतभेद तव्याचा. बिडाचा तवा चालतो, मान्य, पण तव्यावरचे डाग आणि खऱ्या आगीचे डाग यांत फरक पडतो. जुन्या विजेच्या शेगडीची सपाट लोखंडी चकती असेल तर रोटी भांड्याशिवाय थेट तिच्यावर टाकतात; आइसलँडच्या घरांत ही अगदी सर्रास पद्धत होती. काचेच्या शेगडीवर हे करू नका, पीठ जळून काच डागाळते. दुसरा मार्ग गॅसच्या बत्तीचा, म्हणजे हातात धरून ज्योत सोडायच्या बर्नरचा. रोटी लोखंडी पत्र्यावर ठेवायची आणि वरून ज्योत फिरवायची. पृष्ठभाग वीस-तीस सेकंदांत डागाळतो आणि आतलं पाणी आत राहतं. मऊपणासाठी याला तोड नाही. गॅरेजमध्ये किंवा उघड्यावरच करा, धुराचा इशारा देणारं यंत्र पहिल्याच रोटीला बोंबलतं.

उकडवाला

बत्तीबद्दल अर्धं मान्य. डाग सुंदर पडतात, पण नुसत्या बत्तीवर अडीच मिलिमीटरची रोटी मधून कच्ची राहते, आणि रायचं कच्चं पीठ दाताला चिकटतं. खालचा पत्रा आधी तापलेला असेल तरच जमतं. आणि ज्योत निळी हवी. पिवळ्या ज्योतीने काजळी बसते, ती धुराची चव नव्हे.

पिठाची_गोणी

खूप उपयोगी, आभारी आहे. थोडं आणखी. गहू पूर्ण टाळून नुसत्या रायची होते का? दगडफूल किती आणि कसं घालायचं? आणि वीसेक लोकांच्या कॉफीसाठी आदल्या दिवशी करून ठेवायच्या तर फ्रीजमध्ये ठेवू का?

उकडवाला

नुसत्या रायची होते. आकार लहान करा, 13-14 सेंटिमीटर, आणि जाडी साडेतीन मिलिमीटरपर्यंत वाढवा. 370 ग्रॅम पिठाला पाणी 280 मिलीपर्यंत जाईल, कारण पेन्टोसान जास्त पाणी ओढतात. लाटण्याऐवजी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये हाताने दाबत न्या. उचलताना कागदासकट तव्यावर उलटी करा आणि मग कागद सोलून घ्या, पण कागद तव्याला टेकू देऊ नका. घडी घालायचा हट्ट मात्र सोडा, ही उघडीच खायची. ग्लुटेन चालत नाही म्हणून गहू टाळत असाल तर थांबा: राय त्यांनाही चालत नाही.

गोळे करून ते जास्त वेळ ठेवू नका, तासाभरात भाजून संपवा. रायमध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम्स भरपूर असतात. खळ झालेला स्टार्च ती भराभर तोडतात आणि गरम गोळा काही तासांत गोडसर, चिकट होतो. रात्री मळून सकाळी लाटायचा बेत म्हणून बारगळतो.

दगडफूल: या मापाला वाळलेलं 10 ग्रॅम. निवडून घ्या, त्यात शेवाळ आणि काड्या असतात. गार पाण्यात रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, कडवटपणा बराचसा त्याबरोबर जातो. बारीक चिरून, पिठात घालायच्या पाण्यातच दोन मिनिटं उकळा आणि पाण्यासकट ओता. पाणी 30 मिली जास्त घ्या. त्यातला लायकेनिन हा पदार्थ गरम पाण्यात विरघळून थंड झाल्यावर जेलीसारखा धरतो, त्यामुळे रोटी दुसऱ्या दिवशीही जरा ओलसर राहते. म्हणजे टंचाईत घातलेली भर खरं तर फायद्याचीच आहे.

वेस्टफ्यॉर्ड_कोपरा

गव्हाचा विषय निघालाच आहे म्हणून: आइसलँडच्या वायव्येकडच्या फ्यॉर्डांच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांच्या, मुलखात उलटा प्रकार आहे. तिथे क्वेइतिकॉकुर करतात, गव्हाच्या, फिक्या आणि जरा जाड. त्यात बेकिंग पावडर असते, दूध असतं, काहीजण कुस्करलेला बटाटाही घालतात. तव्यावरच भाजतात आणि त्यांच्यावरही लोणी नि हाउंगिक्यॉतच. बेकिंग पावडर घालाच म्हणणाऱ्या पाककृती बऱ्याचदा या दोन्हींची सरमिसळ असतात. ज्याला रायच्या धुरकट चवीशी जमत नाही त्याने इथून सुरुवात करावी.

लोणी_पुढे_करा

फ्रीजमध्ये अजिबात नको. स्टार्च पुन्हा कडक होण्याचा वेग फ्रीजच्या तापमानाला, चार-पाच अंशांना, सगळ्यात जास्त असतो. आदल्या दिवशीच्या असतील तर पूर्ण निवल्यावर पिशवीत घालून, हवा काढून, बाहेरच ठेवा. कोमट असताना पिशवी बंद केली तर आत पाणी सुटतं आणि दोन-तीन दिवसांत बुरशी येते. त्याहून आधी करायच्या तर सरळ फ्रीझरमध्ये, मधे मधे कागद घालून. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटं ठेवा, म्हणजे सुटलेला ओलावा रोटीतच परत मुरतो. ताठ झालेली असेल तर पाण्याचा हात फिरवून गरम तव्यावर दहा सेकंद. लगेच खायची असेल तरच, कारण पुन्हा निवली की आधीपेक्षा कडक होते.

वीस माणसांना, इतर पदार्थ आहेत असं धरून, दहा नग पुरतात. लोणी 120 ग्रॅम, शिजवलेलं कापलेलं मांस 450 ग्रॅम. कच्चं बिनहाडाचं आणत असाल तर 650 ग्रॅम घ्या. मांडीचा भाग कमी चरबीचा आणि नीट कापला जाणारा, खांद्याचा चवीला वरचढ पण काप तुटतात. समारंभाला मांडी, घरी खांदा.

शिजवताना मांस गार पाण्यात टाकून हळूहळू तापवा. खळखळ उकळू नका, उकळी फुटायच्या बेतात ठेवा, किलोला पाऊण ते एक तास. मग त्याच पाण्यात निवू द्या, गरम बाहेर काढलं तर कोरडं पडतं. रात्रभर थंड करून सकाळी रेषांना आडवं कापा. दोनदा धुरावलेलं मिळालं तर ते शिजवत नाहीत, कच्चंच कागदाइतकं पातळ कापतात. ते बरंच खारट असतं, तेव्हा पिठातलं मीठ 3 ग्रॅमवर आणा.

मांडणी पाहुणे यायच्या दोन तास आधी करता येते. अख्ख्या गोलावर लोणी, मांस, वर दुसरा अख्खा गोल, हलका दाब, आणि मग धारदार सुरीने आठ त्रिकोण. दातेरी सुरी नको, ती मांस ओढून बाहेर काढते. ताटावर ओलं पिळलेलं फडकं पसरून ठेवा.

राख_आणि_निखारा

त्रिकोणांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट: गोल जोडताना जास्त डागांची बाजू बाहेर ठेवा आणि लोणी कमी डागांच्या बाजूला लावा. डागांच्या बाजूला जळक्या कणांची भुकटी असते, ती लोण्यात मिसळली की पांढऱ्या थरात करडे ठिपके दिसतात आणि लोणीही नीट बसत नाही.

आणि पाकिटाची आणली तरी काही बिघडत नाही. तिकडचे बहुसंख्य लोक रोजच्यासाठी तीच आणतात, घरची भाजणी डिसेंबरात निघते. पाकिटाच्या रोटीवर डाग एकसारखे आणि पुसट असतात. कोरड्या तापल्या तव्यावर एका बाजूने पाच-सहा सेकंद टेकवून घेतली की धुरकट वास परत येतो.

पिठाची_गोणी

उकळतं पाणी, गरम केलेली परात, ब्रश आणि बुडवणी एवढं धरून केलं. 260 मिलीत पीठ आलं, तीन मिनिटं जास्त झाकल्यावर चिकटणं थांबलं. घडी मोडत नाही. एकच राहिलंय, मधोमध एक फुगा येतो तो टोचे मारूनही जात नाही.

उकडवाला

टोचे अर्धवट जातायत. काटा पोळपाटाला लागेपर्यंत खाली गेला पाहिजे, आणि टोचे लाटण्याच्या आधी नाही, शेवटी, नाहीतर लाटणं ते पुन्हा बुजवतं. तरीही आला तर सपाट उलथण्याने दाबा आणि मधल्या भागाची जाडी तपासा. लाटताना बहुतेकांच्या हाताने मध्य जाड राहतो.